उन्हाळा असो की हिवाळा, खिशातला 'वेप' धोक्याचाच : बॅटरी, शरीर आणि कायदा यांची सविस्तर माहिती

जामसांवली (जि. पांढुर्णा) : निद्रिस्त मुद्रेतल्या हनुमानाच्या दर्शनासाठी जामसांवलीला मंगळवारी आणि शनिवारी गर्दी असते. चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला, ती कित्येक पटींनी वाढते. सौंसर, पांढुर्णा, छिंदवाडा इकडून आणि नागपूर, सावनेर, काटोल, वरूड तिकडून लोक येतात. ही जयंती नेमकी उन्हाचा चटका सुरू होतो तेव्हा येते. गाड्या तासन् तास उघड्यावर उभ्या राहतात. त्यांच्या डिक्कीत आणि डॅशबोर्डवर मोबाइल, पॉवर बँक, ब्लूटूथ स्पीकर पडलेले असतात. गेल्या काही वर्षांत यात आणखी एका वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे ई-सिगारेट. पोरं तिला 'वेप' किंवा 'पेन' म्हणतात.

ही वस्तू पेन ड्राइव्हसारखी किंवा हायलायटरसारखी दिसते, त्यामुळे घरच्यांच्या लक्षातही येत नाही. तिच्यात एक लिथियम बॅटरी, एक तापणारी तार आणि निकोटीनचा द्रव असतो. कडक उन्हात आणि कडाक्याच्या थंडीत या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या पद्धतीने बिघडतात. शिवाय देशात या वस्तूच्या विक्रीवर पूर्ण बंदी असल्याने बाजारात जे मिळतं ते कुणीही तपासलेलं नसतं. हवामान, शरीर आणि कायदा या तिन्ही बाजूंनी याची माहिती येथे दिली आहे. यातला बॅटरीचा भाग वेप न वापरणाऱ्यांनाही उपयोगी आहे, कारण तशीच बॅटरी प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असते.

वेप चालतं कसं?

आजच्या स्वरूपातली ई-सिगारेट चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास तयार केली. यात तंबाखू जळत नाही. ओढलं की बॅटरी एका बारीक तारेला वीज देते आणि तार दोनशे अंशांच्या आसपास तापते. तारेभोवतीच्या कापसात द्रव मुरलेला असतो, त्याची वाफ होते. तिला वाफ म्हणत असले तरी ती पाण्याची वाफ नाही. हवेत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म थेंबांचा तो फवारा असतो.

द्रवात मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. त्यात निकोटीन आणि आंबा, पुदिना, स्ट्रॉबेरी असे स्वाद मिसळतात. 'यात निकोटीन नाही, नुसता फ्लेव्हर आहे' असं सांगून विकणारेही आहेत. पण वेष्टनावर काय लिहिलंय आणि आत काय आहे, याचा मेळ घालणारी कुठलीही यंत्रणा या मालामागे नाही.

उन्हात काय होतं?

आपल्या पट्ट्यातलं ऊन साधं नाही. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा सुरू होतो आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्रा पट्ट्यातही दुपारी रस्ते ओस पडतात. मोबाइल कंपन्या साधारण ० ते ३५ अंशांपर्यंतच्या हवेत फोन वापरायला सांगतात. म्हणजे मे महिन्यातली आपली सावलीसुद्धा या मर्यादेच्या वर असते.

खरा धोका मात्र बंद गाडीत असतो. अमेरिकेत २००५ साली झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की उन्हात उभ्या केलेल्या बंद कारच्या आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढतं. त्यातली ८० टक्के वाढ तर पहिल्या अर्ध्या तासातच होते. बाहेर ४० असेल तर आत ६० च्या पुढे, असा हा सरळ हिशेब आहे. डॅशबोर्डवर थेट ऊन पडतं, तिथे यापेक्षाही जास्त. दुचाकीच्या काळ्या सीटखालची डिक्कीही अशीच तापते.

लिथियम बॅटरीवर उष्णतेचा परिणाम दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा झिजण्याचा. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीच्या आतली रासायनिक झीज साधारण दुपटीने वाढते, असा ढोबळ नियम आहे. ही झीज भरून येत नाही. उन्हाने कमी झालेली क्षमता सावलीत ठेवल्याने परत मिळत नाही.

दुसरा टप्पा पेट घेण्याचा. साधारण ८० ते १०० अंशांच्या आसपास बॅटरीच्या आतला संरक्षक थर तुटू लागतो आणि बॅटरी स्वतःच उष्णता निर्माण करते. त्या उष्णतेने आतली क्रिया आणखी वेग घेते आणि हे चक्र थांबत नाही. आतला विलायक द्रव ज्वलनशील असतो, तो वायू होऊन बाहेर पडतो आणि पेटतो. चांगल्या बॅटरीत हे होऊ नये म्हणून दाब सोडणारी झडप, जास्त चार्ज झाल्यास वीज तोडणारं सर्किट अशी सोय असते. आधीच फुगलेली, पडून चेपलेली किंवा हलक्या दर्जाची बॅटरी मात्र बाहेरच्या उन्हाला जोडून चार्जिंगची उष्णता मिळाली की लवकर हात टेकते.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटनांची नोंद घेतली. त्यातल्या ६० घटना वापरत असताना घडल्या, ४८ चार्जिंगवर असताना, आणि ६१ घटनांमध्ये वस्तू नुसती खिशात होती. म्हणजे ओढत नसतानाही ती धोक्याची आहे. खिशात नाणी किंवा किल्ल्या असतील आणि सुट्या बॅटरीची दोन टोकं त्यांनी जोडली गेली, तर शॉर्ट सर्किट होतं.

उन्हात द्रवही पातळ होतो. आतली हवा प्रसरण पावते आणि द्रव बाहेर गळतो. निकोटीन त्वचेतूनही शरीरात जातं. गोड वासाचा हा द्रव लहान मुलाने चाटला किंवा प्यायला तर विषबाधा होऊ शकते. गाडीच्या सीटवर, कपड्यांवर चिकट डाग दिसला तर तो उघड्या हाताने पुसू नये. हाताला लागला तर साबणाने लगेच धुवावा.

थंडीत काय होतं?

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंशांवर आलं होतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे चांगलाच गारठा असतो. जागलीला जाणारे, रात्री संत्र्याला पाणी देणारे, पहाटेच्या बसने नागपूरला निघणारे, सगळ्यांना तो माहीत आहे.

थंडीत बॅटरीच्या आतली हालचाल मंदावते. ४० टक्के चार्ज दाखवणारा मोबाइल अचानक बंद पडतो आणि खिशात थोडा वेळ ठेवला की पुन्हा सुरू होतो. ही घट तात्पुरती असते. उष्णता बॅटरीला कायमचं नुकसान करते आणि थंडी तिला थोड्या वेळापुरती सुस्त करते, एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. शून्य अंशाखाली बॅटरी चार्ज केली तर आत लिथियम धातूचा थर साचतो आणि पुढे त्यातून आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकतं. आपल्याकडे पारा सहसा शून्याखाली जात नाही. पण केदारनाथ-अमरनाथला जाणारे यात्रेकरू, लडाखमध्ये तैनात असलेले जवान आणि थंड देशांत राहणारे आपले नातेवाईक यांनी हे जरूर पाळावं. गारठलेला फोन आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, मगच चार्जिंगला लावावा. थंडीतून एकदम उबदार खोलीत आणलेल्या वस्तूवर दव जमतं, तेही आधी सुकू द्यावं.

गावाकडची आणखी एक सवय घातक आहे. बंद पडलेला टॉर्च किंवा मोबाइल गरम व्हावा म्हणून शेकोटीजवळ ठेवतात. लिथियम बॅटरीच्या बाबतीत हे अजिबात करू नये. अंगावरच्या कपड्यांची ऊब तिला पुरेशी असते.

वेपच्या बाबतीत थंडीत आणखी एक गोष्ट घडते. ग्लिसरीन गारठ्यात पाकासारखं दाट होतं आणि कापसापर्यंत वेळेत पोहोचत नाही. बटण दाबलं की तार तापते, पण तिथे द्रव पुरेसा नसतो, मग कापूसच करपतो. घशाला जळकट ठसका लागतो. अशा कोरड्या तापण्यातून फॉर्मल्डिहाइड, अॅक्रोलिन यांसारखी घातक रसायनं जास्त प्रमाणात तयार होतात. त्यात थंड हवेत उच्छ्वासाचं बाष्पही गोठून दिसतं, म्हणून धुराचा ढग मोठा वाटतो. तो 'भारी' दिसतो म्हणून पोरं आणखी ओढतात.

शरीराला ऊब मिळते का?

'थंडीत एक झुरका मारला की बरं वाटतं' हे वाक्य बिडीच्या काळापासून ऐकू येतं. वेपबद्दलही तेच बोललं जातं. प्रत्यक्षात निकोटीन त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं. हातापायांच्या बोटांकडे जाणारं रक्त कमी होतं आणि बोटं आणखी गार पडतात. घशात गरम हवा जाते म्हणून ऊब मिळाल्यासारखं वाटतं, एवढंच. दमा असणाऱ्यांना थंड कोरड्या हवेनेच श्वासनलिका आवळल्याचा त्रास होतो, त्यात हा फवारा गेला तर दम लागू शकतो.

उन्हात हेच उलट्या बाजूने नडतं. शरीराला आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलाव्या लागतात. निकोटीन त्या आवळतं, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल पाणी शोषून घेणारं असल्याने तोंड-घसा कोरडा पडतो.

यात एक गफलत होण्याचा मोठा धोका आहे. मळमळ, चक्कर, डोकेदुखी, घाम, धडधड ही लक्षणं निकोटीन जास्त झाल्यावरही दिसतात आणि ऊन लागल्यावरही. 'जास्त ओढलं असेल, उतरेल' म्हणून सोबतचे पोराला झाडाखाली निजवतात आणि उष्माघात अंगावर काढला जातो. उन्हाळ्यात अशी लक्षणं दिसली तर आधी ऊन लागलं असंच समजावं. सावलीत न्यावं, कपडे सैल करावेत, अंग ओल्या दुपट्ट्याने पुसून वारा घालावा. शुद्धीवर असेल तरच थोडं थोडं पाणी द्यावं. बोलण्यात गोंधळ, बेशुद्धी किंवा अंग चटके बसण्याइतकं तापलेलं असेल तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

सीमा ओलांडली तरी कायदा तोच

पेट्रोलचा भाव, दारूचा दर सीमेवर बदलतो, हे या भागातल्या लोकांना सांगायला नको. ई-सिगारेटचं तसं नाही. हा केंद्राचा कायदा आहे. सौंसरला जो लागू आहे, तोच सावनेरला आणि तोच गोव्यात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये श्वेतपत्रिका काढून पूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यातल्या मुख्य तरतुदी अशा :

• उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री (ऑनलाइनसुद्धा), वितरण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी.
• पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड.
• जाणूनबुजून साठ्यासाठी जागा दिल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जागेचा मालक आणि ती ताब्यात असणारा, दोघांनाही हे लागू आहे. पानठेला, लॉज, गोदाम, भाड्याची खोली चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.
• निकोटीन असो वा नसो, ई-सिगारेट ती ई-सिगारेटच. ई-हुक्का आणि तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणंही यातच येतात.
• झडती आणि जप्तीचे अधिकार पोलिस उपनिरीक्षक आणि त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांना.

नुसतं ओढण्यासाठी या कायद्यात वेगळं शिक्षेचं कलम नाही. पण कुणीतरी बेकायदेशीर विक्री, वाहतूक किंवा आयात केल्याशिवाय ती वस्तू हातात येतच नाही. दुबई-सिंगापूरहून येताना 'भाच्यासाठी एक आणली' असं म्हणणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं की आयातीवर बंदी आहे आणि भेटवस्तूसाठी कायद्यात वेगळी सवलत नाही.

ना बिल, ना हमी

मोबाइल किंवा पॉवर बँक विकायची तर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर तिचा नोंदणी क्रमांक असतो. दुकानदार बिल देतो. माल खराब निघाला तर ग्राहक आयोगात जाता येतं. वस्तूच्या किमतीत या सगळ्या सुरक्षेची किंमत धरलेली असते.

वेपच्या बाबतीत हा हिशेबच नाही. ज्या वस्तूची विक्रीच गुन्हा आहे तिला नोंदणी कुठून मिळणार? बॅटरी नवी आहे की जुनी काढून बसवलेली, सुरक्षा सर्किट आहे की नाही, द्रवात काय मिसळलं आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. उद्या खिशात पेटली तर तक्रार कुणावर करणार? ४५ अंशांचं ऊन चांगल्या बॅटरीचीही परीक्षा पाहतं. जिची कुणी परीक्षाच घेतली नाही, ती कितपत टिकणार, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

बिनतपासणीच्या द्रवाने काय होतं हे अमेरिकेने २०१९ मध्ये पाहिलं. वेपिंगमुळे फुप्फुसांना गंभीर इजा होण्याची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली. चोरट्या बाजारातल्या, गांजाचा अर्क असलेल्या द्रवात घातलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट हे त्यामागचं मोठं कारण निघालं.

प्रत्येकाने पाळायच्या गोष्टी

मोबाइल, पॉवर बँक, इअरबड, चार्जिंगचा टॉर्च या सगळ्यांसाठी :

• दर्शनाला किंवा बाजाराला जाताना बॅटरीची कुठलीही वस्तू उन्हातल्या गाडीत, डिक्कीत ठेवू नये. अर्धा तासही नाही.
• उन्हात तापलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नये. आधी सावलीत थंड होऊ द्यावा. फ्रिजमध्ये ठेवू नये, आत दव जमतं.
• उशीखाली, गादीवर, गोधडीत चार्जिंग करू नये.
• फुगलेली, चेपलेली, गोड-उग्र वास येणारी बॅटरी वापरणं तिथेच थांबवावं. टाचणी टोचून 'हवा काढू' नये.
• सुटी बॅटरी नाणी-किल्ल्यांसोबत खिशात ठेवू नये.
• जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. कचरा पेटवल्यावर ती फुटते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. अधिकृत सेवा केंद्रात किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.

पेट घेतलाच तर

हिस्स असा आवाज, पांढरा धूर किंवा अचानक वाढलेली उष्णता ही आधीची खूण असते. वस्तू हातात असेल तर माणसांपासून, कोरड्या गवतापासून दूर टाकावी. चार्जिंगला असेल तर आधी मेन स्विच बंद करावा. छोट्या बॅटरीवर लांबून भरपूर पाणी ओतावं, बॅटरी आतून थंड होणं महत्त्वाचं असतं. विझल्यासारखी वाटली तरी ती पुन्हा पेटू शकते, म्हणून लगेच उचलू नये. धूर विषारी असतो, त्यापासून दूर राहावं. गाडी पेटली तर सामान काढायच्या फंदात न पडता लांब जाऊन ११२ ला फोन करावा.

भाजल्यास जागा नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरावी. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काहीही लावू नये. मांडी, हात, चेहरा भाजला असेल तर जखम लहान दिसली तरी दवाखान्यात जावं आणि बॅटरीने भाजलं आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

सोडायचं असेल तर

खर्रा किंवा बिडी सोडण्यासाठी वेप घेतलं, असं सांगणारेही भेटतात. निकोटीनचं व्यसन त्यात कायम राहतं आणि अनेक जण दोन्ही चालू ठेवतात. सोडण्यासाठी निकोटीनचे च्युइंगगम, पट्ट्या आणि समुपदेशन असे तपासलेले मार्ग उपलब्ध आहेत. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावेत. राष्ट्रीय तंबाखू मुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे आणि दोन्ही राज्यांतून लागतो.

घरात मुलाच्या दप्तरात असं 'पेन' सापडलं तर आधी ते चार्जरवरून काढून, लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा थंड, कोरड्या जागी ठेवावं. रागाच्या भरात चुलीत किंवा शेकोटीत टाकू नये, आत बॅटरी आहे. मग मुलाशी शांतपणे बोलावं आणि ते कुठून मिळालं हे विचारावं. त्याने ते विकत घेतलं असेल, तर ते विकणाऱ्याची माहिती पोलिसांना द्यावी. कायद्याचा रोख विकणाऱ्यावरच आहे.